उघडलं ते बंद करणारे मामा

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. पिपरी मेघेतलं आमच्या वसाहतीचं समाजमंदिर. हजर: अध्यक्ष (किराणा दुकान बायकोवर सोपवून आलेले), ढोके मॅडम (शाळेत संगणक शिकवतात, वसाहतीचं संकेतस्थळ त्यांनीच उभं केलं), मी (सचिव, म्हणजे इतिवृत्त लिहिणारी), आणि मामा. मामा कार्यकारिणीवर नाहीत. तरी त्यांचं नाव मी हजेरीत लिहिते, कारण ते नसले की बैठक सुरू होत नाही आणि असले की संपत नाही. त्या दिवशी विषय दोनच होते. पहिला निकाली निघाला. दुसऱ्याचं काम माझ्या वहीत अजून खूण न करता पडून आहे. ते शेवटी सांगते. आधी मामा.

कारंजा घाडग्यापासून हिंगणघाटापर्यंत अख्खा वर्धा जिल्हा पालथा घाला, एका उघड्या राहिलेल्या कंसापायी भरल्या ताटावरून उठलेला दुसरा माणूस सापडणार नाही. मामा माझ्या थोरल्या जावेचे मामा. नात्याने माझे कोणी लागत नाहीत, पण जाऊ बोरगाव मेघेला राहते आणि मी त्यांच्या गल्लीत, त्यामुळे ते माझ्या वाट्याला आले. जन्मभर त्यांनी रेल्वेच्या टपालडब्यात पत्रांच्या वर्गवारीचं काम केलं. वर्धा ते बल्लारशा, हलत्या डब्यात उभं राहून, भिंतीतल्या खान्यांत पत्रं टाकत. सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून ते उभं राहताना पाय थोडे फाकवून उभे राहतात, जणू जमीन केव्हाही वळण घेईल. आणि कागद हातात आला की मजकूर नंतर, आधी पत्ता, शिक्का आणि क्रमांक बघतात. लग्नाची पत्रिकासुद्धा.

आता फीड म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला होणार नाही. वसाहतीच्या फोनवरच्या गटात शुभ सकाळची फुलं इतकी यायची की पाणी बंद असल्याची सूचना त्यात बुडून जायची. म्हणून ढोके मॅडमनी फीड काढली. फीड ही सूचनांची यादीच, फक्त एक्सएमएल नावाच्या ठरावीक नमुन्यात लिहिलेली: प्रत्येक सूचनेला मथळा, मजकूर, तारीख आणि ओळख-क्रमांक, आणि प्रत्येक गोष्ट कोनी कंसातल्या टॅगने, म्हणजे खुणेच्या शब्दाने, उघडायची व तशाच टॅगने बंद करायची. लोकांच्या फोनमधलं ॲप दर तासाला ही यादी बघतं आणि नवा क्रमांक दिसला की घंटी वाजवतं. इतकंच. पण एक टॅग जरी उघडा राहिला तरी ॲप सगळी यादीच नाकारतं, त्या एका सूचनेसकट बाकीच्याही.

असा एक टॅग मी उघडा ठेवला होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मामी गेल्या. त्या दिवसांत एकाच दुपारी मी अशा तीन सूचना टाइप केल्या, आणि मामींच्या मथळ्याचा टॅग बंद करायचा राहिला. फीड नऊ दिवस बंद पडली. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण घंटी न वाजणं हीच तेव्हा बरी बातमी वाटायची. दुरुस्ती झाली तोवर मामींची सूचना खाली सरकत गेली होती. फीडमध्ये शेवटच्या दहाच सूचना राहायच्या, आणि नऊ दिवसांत दहापेक्षा जास्त आल्या होत्या. येणं-जाणं बंदच होतं, पण फोन तरी येतील म्हणून मामा फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. जावेचा आला, माझा आला, आणखी दोघा-तिघांचा. मामींनी वीस वर्षं घरी शिवणवर्ग चालवला होता. निम्म्या पिपरीची परकर-झबली त्यांच्या हाताखालच्या मुलींनी शिवली होती, आणि त्यांतल्या कोणाला कळलंच नव्हतं. महिन्याभराने मामांनी मला विचारलं, ‘‘माह्या घरची चिठ्ठी कोणत्या खान्यात गेली?’’ मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘याचं मॅन्युअल असंन ना?’’

मॅन्युअल होतं. फीडच्या या नमुन्याला आरएसएस म्हणतात (संघाशी संबंध नाही); त्याचं नियमपत्रक ढोके मॅडमनी छापून दिलं. ते मामांनी जाड दोऱ्याने शिवून त्याला खाकी पुठ्ठा घातला, लाल-निळ्या पेन्सिलीने रेघा मारल्या आणि समासात मराठी लिहिली. इंग्रजीची अडचण नव्हती; नोकरीतल्या इंग्रजी नियमपुस्तकांवर त्यांनी हाताखालच्या माणसांना आणि वरच्या साहेबांना सारखंच रडवलं होतं. त्यांचं सगळं लक्ष दोन शब्दांवर असायचं: कुठे ‘पाहिजे’ लिहिलंय आणि कुठे ‘चालेल’. ‘पाहिजे’ला लाल रेघ, ‘चालेल’ला निळी. पुढे घरातल्या सगळ्याच गोष्टी त्यांनी या दोन रंगांत वाटल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावर गोळ्या लाल, सकाळचं फिरणं निळं. डॉक्टर म्हणाले, फिरणंही पाहिजेच. मामा म्हणाले, मग तसं लिहा अन् सही करा. डॉक्टरांनी केली, तेव्हापासून ते फिरतात.

सूचना फीडवर जायच्या आधी मामांच्या हाताखालून गेली पाहिजे, हा नियम कोणी केला ते मला इतिवृत्तात सापडत नाही, पण तो आहे. टॅग तपासणारं यंत्र संगणकात असतं, व्हॅलिडेटर म्हणतात त्याला. ते हिरवी खूण देतं. मामांना हिरवी खूण पुरत नाही. खुणेच्या खाली यंत्र बारीक अक्षरात काही शिफारशी लिहितं, त्या ते साहेबाच्या शेऱ्यासारख्या मनाला लावून घेतात. एकदा अध्यक्षांनी ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढी सूचना पाठवली. मामांनी ती कागदावर उतरवली, वर ‘अपूर्ण पत्ता’ असं लिहिलं आणि दुकानात परत नेऊन दिली. अध्यक्ष साखर मोजत होते. ते म्हणाले, उद्या म्हणजे उद्या, त्यात काय अपूर्ण. मामा म्हणाले, ‘‘कोणाचा उद्या? परवा वाचणाऱ्याचा की काल वाचणाऱ्याचा?’’ गिऱ्हाईकांसमोर अध्यक्षांना तारीख, वार आणि वेळ द्यावी लागली. नमुन्याप्रमाणे वेळेच्या पुढे आपण जगाच्या घड्याळात किती पुढे आहोत तेही लिहावं लागतं, आपल्यासाठी अधिक साडेपाच तास. मामा ते कधी विसरत नाहीत. जावेच्या मुलीच्या लग्नपत्रिकेच्या कच्च्या प्रतीतही त्यांनी मुहूर्तापुढे ते पेन्सिलीने लिहिलं होतं. छापणाऱ्याने ते छापलं. वऱ्हाड साडेपाच तास उशिरा बोलावलंय की काय, अशी शंका नवऱ्याकडच्यांनी फोन करून विचारली.

पण मामांचं खरं वैर उघड्या टॅगशी. ते फाटकं बंद करत चालतात, आपलं आणि वाटेतल्या सगळ्यांचं. डब्यात डबा असेल तर आतला आधी, बाहेरचा नंतर. उलट झालं तर पुन्हा पहिल्यापासून. लोकांची अर्धी वाक्यंही त्यांना बंद करून हवी असतात. गेल्या वर्षी समाजमंदिरात एका पाहुण्यांचं भाषण होतं. पाहुणे ‘मुख्य मुद्दा सांगण्याआधी एक आठवण सांगतो’ म्हणाले, आठवणीतून दुसऱ्या आठवणीत गेले, आणि पाऊण तासाने जय भीम म्हणून बसले. टाळ्या ओसरल्यावर मामा उठले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, ‘‘साहेब, ते ‘आधी’ अजून उघडंच हाय.’’ पाहुण्यांना काय ते कळेना. मी मध्ये पडून आभार मानले. मामा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. भरल्या ताटावरून उठले ते हेच. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना पोस्टकार्ड टाकून त्यांनी मुख्य मुद्दा मागवला. तो आला, तेव्हा सूचना-फलकावर लावला.

ढोके मॅडमशी त्यांचं जमतं, पण वाद झाला की पंधरा-पंधरा दिवस चालतो. मजकुरात ठळक अक्षरं आणि रंग वापरायचे की नाहीत, यावर नियमपत्रक म्हणे नीट काही सांगत नाही. एक वाक्य आहे, त्याचे दोन अर्थ निघतात. मॅडम म्हणाल्या, सगळं जग वापरतं. मामा म्हणाले, सगळं जग तिकिटावर शिक्का चुकवतं. अबोला झाला. अबोल्यातही मामा रोज सकाळी मॅडमच्या फाटकाची कडी लावून जायचे. शेवटी ठरलं की ठळक चालेल, रंग नाही. आणि मामांनी समासात लिहिलं: ‘तडजोड. दोघांनाही अमान्य.’

नियमपत्रकातली एक सोय मात्र त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती घरालाच लावली. अमुक वारी आमच्याकडे बघायला येऊ नका, असं फीड ॲपला सांगू शकते. मामांनी पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने लिहून फाटकाला पाटी टांगली: ‘मंगळवारी येऊ नये.’ मंगळवारच का, असं मी विचारलं. मामी गेल्या तो मंगळवार होता हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं, याची आता लाज वाटते. मामा म्हणाले, ‘‘कोणता तरी एक वार टाका लागते.’’

आता माझी चूक. मला यादीत भोकं सहन होत नाहीत. आमच्या सूचनांच्या क्रमांकांत मधले काही नव्हते: रद्द झालेल्या, दोनदा टाकलेल्या. सतरानंतर एकोणीस, चाळीसनंतर त्रेचाळीस. मामांनी मला शंभरदा सांगितलं होतं की ओळख-क्रमांकाला हात लावायचा नाही, रजिस्टर पत्राचा नंबर आहे तो, एकदा दिला की दिला. मी मान डोलवायचे. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मामा जावेकडे बोरगावला गेले आणि मी बसले. पहिल्या सूचनेपासून शेवटपर्यंत ओळीने नवे क्रमांक घातले, आणि यादी पूर्ण दिसावी म्हणून शेवटच्या दहाची मर्यादाही काढून टाकली. टॅग सगळे बंद. व्हॅलिडेटरने हिरवी खूण दिली. इतकी सुबक यादी मी आयुष्यात केली नव्हती. चहा करून प्यायले.

चार वाजता घंट्या वाजायला लागल्या. नवा क्रमांक म्हणजे नवी सूचना. ॲपला दुसरं काही कळत नाही. करोनापासूनची प्रत्येक सूचना प्रत्येक फोनवर ताजी होऊन उतरली. तारखा जुन्याच होत्या, पण घंटी वाजल्यावर तारीख कोण वाचतं. पाच वाजता समाजमंदिरापाशी लोक बादल्या घेऊन टँकरची वाट बघत उभे होते, नळाला पाणी असताना. तिसऱ्या गल्लीतल्या बाईंकडे दोघे जण हरवलेली म्हणून एक शेळी धरून आले. बाईंची शेळी तेव्हाच सापडून आता तिला नाती झाल्या होत्या. नव्या सुनेचं स्वागत म्हणून कोणी तरी एका घरी पेढे घेऊन गेलं, तेव्हा त्या सुनेची मुलगी बालवाडीतली कविता म्हणत होती. अध्यक्षांचा फोन आला, ‘‘वहिनी, लसीची रांग कोठी लावाची म्हणून लोक मले विचारून राह्यले. काय करून ठेवलं तुमी?’’ मी यादी उघडून वरून खाली वाचत गेले. आता काय काय येणार ते बघत. आणि मामींच्या नावावर थांबले.

मी चप्पल घालून निघाले तेव्हा सहा वाजले असतील. मामा बोरगावहून येऊन खुर्चीत बसले होते, चष्मा कपाळावर, फोन कानाला. कोणाशी तरी बोलत होते: ‘‘हो, गेली. हो... न्यूमोनिया झालता... येजो ना. घरीच हावो.’’ फोन ठेवला तर लगेच दुसरा वाजला. तोही तसाच. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, ‘‘क्रमांक बदलले काय?’’

‘‘हो.’’

‘‘सगळे?’’

‘‘सगळे.’’

मी उभीच होते. मामांनी फोनवर सूचना उघडली, चष्मा खाली घेतला आणि ती एकेका अक्षरावर थांबत तपासली, जशी इतर सगळ्यांची तपासतात. मथळा उघडलेला, मथळा बंद. तारीख बरोबर. अधिक साडेपाच तास बरोबर. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

‘‘गाडी लेट झाली तं टपाल फेकून देत नाई कोणी,’’ ते म्हणाले. ‘‘आमी त्याच्यावर उशिराचा शिक्का मारत होतो. अन् वाटत होतो.’’ मग, माझ्याकडे न बघता, ‘‘पोचली म्हणजे चिठ्ठी.’’

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सकाळी मी गेले तर फाटकावरची पाटी काढून आत भिंतीशी उलटी ठेवलेली. दिवसभर माणसं आली. मी नेहमीप्रमाणे यादी केली, एकतीस. शिवणवर्गाच्या मुली, आता स्वतःच्या मुलींना घेऊन. टपालडब्यातले दोन सोबती. दुकान बंद करून अध्यक्ष, आणि ते दुकान मी कधी दुपारी बंद पाहिलेलं नाही. मामींच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची, थोडं बसायचं. निम्म्यांना बातमी नवी होती. बाकीच्यांना मामी गेल्याचं केव्हाच कळलं होतं, पण तेव्हा येता आलं नाही, आणि नंतर इतक्या उशिरा काय जायचं म्हणून राहून गेलं. आता घंटीने त्यांना निमित्त दिलं. कारंज्याहून बसने एक बाई आली, महामार्गावरच्या एका ढाब्याशेजारी तिचं शिलाईचं दुकान आहे. मी तिला हळूच सांगायला गेले की सूचना जुनी आहे, चुकून आली. ती म्हणाली, ‘‘मले दिसली तारीख, ताई.’’ मग मामांकडे वळून म्हणाली, ‘‘पण तवा आलती कोठी मी.’’

मामा म्हणाले, ‘‘बस. चहा ठेवतो.’’ आणि आत जाऊन बराच वेळ चहा ठेवत राहिले. साखरेचा डबा, चहाचा डबा, फडताळाचं दार. एकेक बंद झाल्याचा आवाज आम्ही बाहेर बसून ऐकत होतो.

तर त्यानंतरची ही मार्चमधली बैठक. पहिला विषय: जुने क्रमांक पूर्ववत करणे. मी दुरुस्तीचा आराखडा करून नेला होता. मामांनी तो वाचून मला परत दिला. पुन्हा बदलले तर पुन्हा सगळं वाजेल. आता हेच क्रमांक, आणि सचिवांनी यापुढे त्यांना हात लावू नये. ढोके मॅडमनी अनुमोदन दिलं, जरा जास्तच जोरात. शेवटच्या दहाची मर्यादा परत लावायची का, असं अध्यक्षांनी विचारलं. मामांनी मॅन्युअल उघडून दाखवलं की किती सूचना ठेवाव्या याला नियमात बंधन नाही. ती रेघ निळी होती, तरी मी इतिवृत्तात ‘मर्यादा नाही’ असं लिहिलं.

दुसरा विषय मामांनीच काढला. माणसं भेटून गेली, तर घरच्यांनी आभाराची सूचना द्यायची रीत आहे. ती द्यायची राहिलीय. मी वहीत लिहिलं: काम क्रमांक चौदा. आभाराची सूचना. मजकूर मामा देतील. मुदत: पुढचा रविवार.

पुढच्या रविवारी मामांनी कागद आणून दिला. सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: मथळा ‘आभार’, तारीख, वार, वेळ, अधिक साडेपाच, ओळख-क्रमांक नवा, कुठेही न वापरलेला. मजकुराचा टॅग उघडला होता आणि बंदही केला होता. मधे काही नव्हतं.

मी म्हटलं, मामा, तुम्हीच शिकवलंत की मथळा किंवा मजकूर, दोघांपैकी एक असला तरी सूचना ग्राह्य धरतात. ही अशीच पाठवली तरी यंत्र हिरवी खूण देईल.

‘‘चालेल असं लिहिलं हाय बाई तिथं,’’ मामा म्हणाले. ‘‘पाहिजे ते वेगळं.’’ कागद परत घेऊन त्यांनी खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. ‘‘मजकूर येऊन राह्यला.’’

तेव्हापासून दर रविवारी मी विचारते, आणि दर रविवारी तो येतच असतो. एरवी माझ्या वहीत काम दोन आठवड्यांवर राहिलं तर मी लाल शाईने रेघ मारते आणि संबंधिताच्या घरी जाते. या कामाला रेघ मारलेली नाही. पान संपलं की बाकी कामांबरोबर ते पुढच्या पानावर उतरवते. इतर कामांना तिथे एकपासून नवे क्रमांक देते. याला चौदाच ठेवते.